दहांचे शहाणपण, हजारांचा कारभार

सकाळी साडेनऊ ते पावणेदहा या वेळात आमच्या घरी मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही आणि दाराची बेल वाजलीच तर पळत जाऊन दार उघडायचे, असा अलिखित नियम आहे. माझी भाची आमच्याकडे राहते. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअरचे काम करते; आठवड्यातले काही दिवस कचेरीत आणि उरलेले आमच्या जेवणाच्या टेबलावरून. त्या पंधरा मिनिटांत तिच्या संगणकाच्या पडद्यावर नऊ-दहा चेहरे उगवतात आणि प्रत्येकजण तीन गोष्टी सांगतो. काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले आहे. या विधीला ‘स्टँड-अप’ म्हणतात, म्हणजे उभ्याने करायची सभा. उभे राहिले की माणसे कमी बोलतात, एवढाच त्यामागचा व्यवहारी विचार. आता सगळेच बसलेले असतात, पण नाव तेच राहिले आहे.

परवा सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता सरळच विचारले, “रोज सकाळी हजेरी, दर पंधरा दिवसांनी परीक्षा आणि तीन महिन्यांनी दोन दिवसांचं अधिवेशन. मग तुम्ही लोक काम कधी करता गं?”

भाची हसली. “मामी, प्रश्न अगदी बरोबर आहे तुझा. पण उत्तर मामाला विचार. हे सगळं आमच्या डोक्यावर आणलंय ते त्याच्यासारख्यांनीच.”

वाक्य थट्टेचे होते, तरी मला लागले, कारण ते खरे होते. नोकरीची शेवटची दहा-बारा वर्षे मी हेच केले. ‘अ‍ॅजाइल’ नावाची कामाची एक पद्धत आधी एका गटात रुजवायची आणि मग ती दहा, वीस, पन्नास गटांत एकाच वेळी लागू करायची, हे माझे काम होते. पहिला भाग मला बऱ्यापैकी जमला. दुसऱ्या भागाविषयी मात्र आज काही कबूल करावेसे वाटते. प्रश्न एकट्या सॉफ्टवेअरवाल्यांचा राहिलेला नाही. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खातीसुद्धा गेल्या दशकभरात या पद्धतीच्या मागे लागली आहेत, आणि पुण्या-मुंबईतल्या हजारो घरांचे दिवसाचे वेळापत्रक तिच्यावर चालते आहे.

अनारशाचा पहिला घाणा

मी १९८४ साली पिंपरीतल्या एका कारखान्यात नियोजन विभागात लागलो. साहेबांच्या खोलीत भिंतभर एक तक्ता असे. कोणते काम कधी सुरू होणार, कोणावर अवलंबून आहे, कधी संपणार, सारे काही त्यावर आखलेले. अमेरिकी नौदलाने १९५८ साली पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तयार केलेल्या ‘पर्ट’ पद्धतीचा तो नातेवाईक होता. यंत्राच्या बाबतीत ही पद्धत चालते, कारण यंत्र कसे दिसणार हे आराखड्यातच ठरलेले असते. पुढे नव्वदच्या दशकात मी सॉफ्टवेअरकडे वळलो तेव्हा तिथेही हाच तक्ता भेटला. आधी ग्राहकाच्या सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग आज्ञावली लिहिणे, मग चाचणी. पाणी एका पायरीवरून दुसरीवर पडावे तसे काम खाली उतरत जाते, म्हणून या पद्धतीला ‘वॉटरफॉल’ म्हणतात. गंमत अशी की, १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी हा क्रम कागदावर मांडला, तेव्हा त्याच निबंधात त्यांनी तो जसाच्या तसा वापरणे धोक्याचे आहे असेही बजावले होते. जगाने चित्र उचलले आणि इशारा सोडून दिला.

सॉफ्टवेअरची अडचण अशी, की आपल्याला नेमके काय हवे आहे हे ग्राहकाला ते समोर दिसेपर्यंत कळत नाही. आमच्या घरातल्या बायकांना ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक होती. अनारशाचे सगळे पीठ एकदम थापून कोणी तळायला घेत नाही. पहिला अनारसा तुपात सोडायचा. तो हसला, म्हणजे विरघळून पसरला, की थांबायचे, थोडी तांदळाची पिठी घालायची आणि पुन्हा एक सोडून बघायचा. चूक पहिल्याच घाण्यात कळते आणि उरलेले पीठ वाचते.

अ‍ॅजाइलचे मर्म यापेक्षा फार वेगळे नाही. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवी उत्पादने कशी घडतात याचा अभ्यास ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये मांडला. रिले शर्यतीसारखी एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे काठी न देता रग्बीच्या संघासारखे सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचे, अशी उपमा त्यांनी दिली. त्याच खेळातला ‘स्क्रम’ हा शब्द घेऊन जेफ सदरलँड यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या ईझल कॉर्पोरेशनमध्ये आपल्या गटाची घडी बसवली. १९९५ साली केन श्वेबर आणि त्यांनी मिळून ती ऑस्टिन येथील परिषदेत मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी सतराजण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद मोठा, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर मोठे, करारातल्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाची साथ मोठी आणि आखलेल्या बेतापेक्षा बदलाला दिलेला प्रतिसाद मोठा, असा त्याचा थोडक्यात आशय.

स्क्रममध्ये गट लहान असतो. २०२० सालच्या मार्गदर्शिकेत साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसे असावीत असे म्हटले आहे. करायच्या कामांची एकच यादी असते, तिला ‘बॅकलॉग’ म्हणतात. यादीत वर काय आणि खाली काय हे ठरवणारी एकच व्यक्ती असते. एक ते चार आठवड्यांचा, बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचा, एक टप्पा धरायचा. त्याच्या शेवटी खरोखर चालणारा एक तुकडा ग्राहकासमोर ठेवायचा, त्याचे म्हणणे ऐकायचे, आपले काय चुकले यावर गटाने आपसात बोलायचे आणि पुढच्या टप्प्याला लागायचे. मी स्वतः पहिल्यांदा हे आठ जणांच्या गटात केले, तेव्हा तीन महिन्यांत जो फरक पडला तो नियोजन विभागातल्या इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. माणसे एकमेकांशी बोलू लागली. आणि माणसे बोलली की तक्त्यावरच्या निम्म्या रेघांची गरजच उरत नाही.

गणित कुठे बिघडते

यश मिळाले की वरच्या मजल्यावरून निरोप येतो. आठ जणांत जमले ते आता आठशे जणांत करा. इथून खरी परीक्षा सुरू होते, कारण इथे गणित आडवे येते. दहा माणसांत प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे म्हटले तर पंचेचाळीस जोड्या होतात. शंभर माणसांत त्याच जोड्या ४,९५० होतात. माणसे दहापट, संवादाचा भार एकशेदहापट. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाचे काम पाहिलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालच्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात हेच हिशेबाने दाखवले होते. रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली तर ते अधिकच रखडते, हा त्यांचा निष्कर्ष आजही कोणाला खोडता आलेला नाही. त्याआधी १९६८ साली मेल्विन कॉनवे यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदवली होती. संस्थेतली माणसे जशी एकमेकांशी बोलतात, तसाच त्यांनी बनवलेल्या प्रणालीचा आकार होतो. दोन खाती एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांच्या सॉफ्टवेअरचे दोन भागही बोलणार नाहीत.

या अडचणीवर उत्तरे अनेक निघाली. डीन लेफिंगवेल यांनी २०११ साली ‘सेफ’ नावाचा आराखडा आणला. त्यात पन्नास ते सव्वाशे माणसांच्या गटसमूहाला ‘ट्रेन’ म्हणतात. आठ ते बारा आठवड्यांचा एक मोठा टप्पा असतो आणि त्याच्या सुरुवातीला सर्वांनी एकत्र बसून दोन दिवस नियोजन करायचे असते. आमच्या घरी जिला अधिवेशन म्हणतात, ते हेच. क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांचा ‘लेस’ हा आराखडा उलट्या बाजूने जातो. दोन ते आठ गट असोत, उत्पादन एक, यादी एक आणि ती लावणारा माणूसही एकच. नवी पदे आणि नव्या समित्या वाढवण्यापेक्षा संस्थेतली गुंतागुंतच कमी करा, असे ते सांगतात. खुद्द श्वेबर यांनी २०१५ साली तीन ते नऊ गटांसाठी ‘नेक्सस’ मांडले. सगळ्या गटांचे काम जुळते की नाही हे पाहणारा एक वेगळा गट, हे त्याचे वैशिष्ट्य. स्वीडनच्या स्पॉटिफाय कंपनीत गट कसे मांडले आहेत याचे वर्णन २०१२ साली प्रसिद्ध झाले. ते त्या वेळच्या एका कंपनीचे चित्र होते; पण जगभरच्या व्यवस्थापकांनी त्यातली ‘स्क्वाड’, ‘ट्राइब’ ही नावे उचलली आणि आपापल्या जुन्या खात्यांवर चिकटवली. नेदरलँड्समधल्या आयएनजी बँकेने मात्र २०१५ साली ते मनावर घेतले आणि मुख्यालयातली माणसे नऊ-नऊ जणांच्या सुमारे साडेतीनशे गटांत आणि तेरा समूहांत नव्याने बसवली. टीसीएससारख्या आपल्याकडच्या कंपनीनेही २०२०पर्यंत संपूर्ण संस्था अ‍ॅजाइल करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते.

यांतला कोणता आराखडा श्रेष्ठ, यावर जाणकारांत सासू-सुनेच्या वरताण भांडणे चालतात. मी त्यात पडणार नाही. माझा अनुभव असा, की आराखडा कोणताही असो, तो बुडतो एकाच जागी.

लाल लोकरीचे धागे

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका परदेशी विमा कंपनीच्या दाव्यांची नवी प्रणाली आम्ही करत होतो. अकरा गट, शंभरावर माणसे. काही पुण्यात, काही दुसऱ्या शहरांत, काही समुद्रापलीकडे. हे सगळे एका ‘ट्रेन’मध्ये बसवण्याची जबाबदारी माझी होती. दोन दिवसांच्या नियोजनाला मोठे सभागृह घेतले होते. भिंतीवर रंगीत कागद, आणि एका गटाचे काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तिथे लाल लोकरीचा धागा ताणलेला. संध्याकाळी तो फळा इतका देखणा दिसत होता की साहेब मंडळींनी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढले. जुना भिंतभर तक्ता नव्या कपड्यांत परत आला आहे, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आले नाही.

तिसऱ्या नियोजनात चाचणी करणाऱ्या एका मुलीने हात वर केला. पंचवीस-सव्विशीची, कंत्राटावर आलेली. ती म्हणाली, “सर, पॉलिसी सुरू झाल्याची तारीख आमचा गट एक धरतो आणि हप्त्यांचा गट दुसरी धरतो. आम्ही पॉलिसी दिल्याच्या दिवसापासून मोजतो, ते पहिला हप्ता जमा झाल्यापासून. हे ठरवायचं कोणी?” सभागृहात थोडी शांतता झाली. दोन्ही गटांचे प्रमुख माझ्याकडे पाहू लागले. जेवणाची वेळ झाली होती. अशा धोक्यांची एक यादी असते आणि प्रत्येकापुढे एक शेरा मारायचा असतो. सुटला, कोणीतरी अंगावर घेतला, तोड काढली किंवा मान्य केला. मी ‘मान्य’ असा शेरा मारला आणि पुढे गेलो. पुढच्या नियोजनात तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या वेळी तिच्या वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितले, मुलगी हुशार आहे, पण जरा नकारात्मक आहे.

दरम्यान सगळे गट आपापले काम वेळेवर संपवत होते. प्रत्येक गट आपल्या कामाला ‘पॉइंट’ देतो. आपण दोन आठवड्यांत किती उरकू शकतो याचा अंदाज गटाला स्वतःपुरता यावा, एवढाच त्यांचा हेतू. आम्ही मात्र अकरा गटांचे पॉइंट शेजारी शेजारी मांडून दर पंधरवड्याला वर पाठवू लागलो. मग जे व्हायचे तेच झाले. शाळेत गुण वाढतात तसे पॉइंट वाढले. काम तेवढेच राहिले. अहवालातल्या अकराही चौकटी हिरव्या होत्या.

प्रणाली सुरू व्हायला आठ दिवस असताना सगळे तुकडे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जोडले गेले आणि दाव्यांच्या रकमा चुकू लागल्या. कारण तेच, ती तारीख. ती आता अकरा गटांच्या आज्ञावलीत इतक्या ठिकाणी रुतली होती की सगळे निस्तरायला चार महिने गेले. ग्राहकाने दंड कापला. खर्च आटोक्यात आणण्यासाठी कंत्राटी माणसे कमी करायचे ठरले. यादी गटप्रमुखांनी केली होती. तीत त्या मुलीचे नाव होते, आणि यादीच्या खाली माझी सही आहे.

तेव्हा मी स्वतःला समजावले, की यादी मी केलेली नाही. आज तसे समजावता येत नाही.

दोन सरकारे, एक धडा

पुढे वाचन वाढले तसे कळत गेले, की आमची चूक आमच्यापुरती नव्हती. अमेरिकेच्या एफबीआयने आपल्या तपासाची कागदपत्रे संगणकावर आणण्यासाठी ‘व्हर्च्युअल केस फाइल’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ साली तो गुंडाळावा लागला. २००६ साली ‘सेंटिनेल’ नावाने नवा प्रकल्प मोठ्या कंत्राटदाराला दिला. अंदाजपत्रक ४२.५ कोटी डॉलर, मुदत २००९ अखेर. २०१०च्या मध्यावर सुमारे ४०.५ कोटी खर्च झाले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. तेव्हा एफबीआयने काम स्वतःकडे घेतले, माणसे वाढवण्याऐवजी मोठ्या प्रमाणावर कमी केली आणि दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत उरलेली प्रणाली पुरी करायला सुरुवात केली. सगळे सुरळीत झाले असे नाही. ऑक्टोबर २०११च्या चाचणीत यंत्रे भार पेलू शकली नाहीत आणि मुदत पुन्हा लांबली. पण जुलै २०१२ मध्ये सेंटिनेल कर्मचाऱ्यांच्या हाती आले.

ब्रिटनची कथा आपल्याला अधिक जवळची वाटेल, कारण तिच्यात गरिबांच्या चुलीचा प्रश्न होता. सहा वेगवेगळ्या सरकारी मदती एकत्र करून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ नावाची एकच मदत द्यायचे तिथल्या सरकारने ठरवले आणि एवढा अवाढव्य कार्यक्रम अ‍ॅजाइल पद्धतीने करण्याची घोषणा केली. त्या खात्याने या आकाराचे काम या पद्धतीने पूर्वी कधीच केले नव्हते. २०१३च्या सुरुवातीला सारे थांबवून नव्याने मांडणी करावी लागली. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल आला. ३.४ कोटी पौंडांची संगणकप्रणाली निकालात काढल्याची नोंद त्यात होतीच. पण मला महत्त्वाचा वाटला तो दुसराच मुद्दा. कार्यक्रम चालवणाऱ्यांभोवती तटबंदीसारखी मनोवृत्ती तयार झाली होती आणि वर फक्त चांगल्या बातम्याच जात होत्या, असे लेखापरीक्षकांनी नोंदवले. म्हणजे आमच्याच त्या अकरा हिरव्या चौकटी, फक्त एका देशाच्या आकाराच्या.

नंतर त्यांनी एका लहान गटाकडून नवी प्रणाली बांधायला घेतली. २०१४च्या अखेरीस लंडनच्या सटन भागात थोड्या लोकांवर ती वापरून पाहिली आणि मग हळूहळू देशभर वाढवली. या मदतीच्या नियमांवर ब्रिटनमध्ये बोचरी टीका झाली आणि ती रास्तही असेल. पण मार्च २०२०च्या दुसऱ्या पंधरवड्यात, करोनाच्या टाळेबंदीत, सुमारे साडेनऊ लाख अर्ज येऊन आदळले तेव्हा ती प्रणाली कोसळली नाही.

दोन्ही ठिकाणी धडा एकच. आधी हजार माणसे बसवून त्यांच्यावर पद्धत लादली, तेव्हा काम बुडाले. आधी लहान गटाने चालणारी वस्तू उभी केली आणि मग ती वाढवली, तेव्हा ते तरले.

ज्या दिंडीचा टाळ थांबत नाही

हजारो माणसे एकत्र आणून चालवायची तर त्यांचे सैन्यच करावे लागते, असा आपला समज असतो. पण आषाढात आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या माऊलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात आणि मागे त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, तिचा विणेकरी आहे, जेवणाखाणाची व्यवस्था जिची तिने पाहायची आहे. त्यांना जोडणाऱ्या गोष्टी मोजक्याच: चालण्याचा क्रम, निघण्याची वेळ आणि मुक्काम. आणि रोज मुक्कामावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, ती समाज आरती. चोपदार दंड उंचावतो आणि शेकडो टाळ एकदम शांत होतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवत राहते. ते वाजत असतात तोवर पुढचे काही होत नाही. चोपदार त्या दिंडीकडे जातो, तिचे म्हणणे ऐकून घेतो, आणि मगच पुढे हरवल्या-सापडल्या वस्तूंची आणि उद्याच्या प्रस्थानाची सूचना होते.

टोयोटाच्या कारखान्यात कोणताही कामगार दोरी ओढून अडचण वर कळवू शकतो आणि ती सुटली नाही तर सगळी साखळी थांबते. या तत्त्वाची जगभर वाखाणणी होते आणि ती योग्यच आहे. पण शेवटच्या दिंडीची तक्रार ऐकेपर्यंत सगळा सोहळा थांबतो, हे शहाणपण आपल्याच रस्त्यावरून दर वर्षी चालत जाते. माझ्या सभागृहात त्या मुलीचा टाळ वाजत होता. मी जेवायला उठलो.

म्हणून अनेक गटांत ही पद्धत मुरवायची म्हणजे काय, असे आता कोणी मला विचारले, तर मी आराखड्याचे नाव सांगत नाही. गट तांत्रिक कामाप्रमाणे न पाडता ग्राहकाच्या कामाप्रमाणे पाडा, म्हणजे धागेच कमी लागतील. यादी एक ठेवा. ‘काम झाले’ म्हणजे काय, याची व्याख्या सगळ्या गटांची एकच असू द्या. दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाचा तुकडा वेगळा न दाखवता सगळे जोडलेले दाखवा. अनारसा हसायचा असेल तर तो तेव्हाच हसू द्या. गटागटांचे पॉइंट शेजारी मांडू नका. आणि ‘लाल’ म्हणणाऱ्याची नोकरी ‘हिरवा’ म्हणणाऱ्याइतकीच सुरक्षित ठेवा. पहिल्या पाच गोष्टी कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवतात. सहावी शिकवून येत नाही, ती वरच्या माणसाने करून दाखवावी लागते.

आज या पद्धतीचा मोठा बाजार झाला आहे. दोन दिवसांचा वर्ग करावा आणि प्रमाणपत्र घ्यावे. आमच्याच सोसायटीत दोन मुलांनी पदरचे पैसे भरून ते घेतले. आणि वारा फिरतानाही दिसतो. अमेरिकेच्या कॅपिटल वन बँकेने जानेवारी २०२३ मध्ये अ‍ॅजाइलसाठी नेमलेली अकराशेहून अधिक पदे रद्द केली. ती कामे आता अभियंत्यांनी आणि उत्पादन सांभाळणाऱ्यांनीच करायची, असे ठरले. स्नोबर्डच्या बंडातून उभी राहिलेली अ‍ॅजाइल अलायन्स ही संस्था प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये सामील झाली. म्हणजे बंडखोर पुन्हा तक्तेवाल्यांच्याच घरी नांदायला गेले. आता आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. तुकडे अधिक झपाट्याने तयार होतील. पण दोन गट एकच तारीख दोन तऱ्हांनी मोजत आहेत, हे पाहून हात वर करणारे माणूस तरीही लागेल, आणि त्या हाताकडे पाहणारेही.

गेल्या आठवड्यात भाची सलग तिसऱ्या दिवशी स्टँड-अपमध्ये म्हणाली, “माझं तिथंच अडलंय.” पडद्यावरचे चेहरे क्षणभर थांबले आणि पुढच्याची पाळी सुरू झाली. संगणक मिटवून ती माझ्याकडे आली.

“मामा, वरच्यांशी थेट बोलू का? सगळे म्हणतील, ही कटकट करते.”

“म्हणू देत,” मी म्हणालो. “बोल. आणि ऐकलं नाही तर उद्या पुन्हा बोल.”

ती बोलली. काय झाले ते अजून कळायचे आहे. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला त्या दिवशी सापडले. मुले काम कधी करतात? सकाळच्या त्या पंधरा मिनिटांत कुणाचे ‘अडले आहे’ कोणी ऐकून घेतले, तर ते कामच असते. न ऐकता पुढची पाळी सुरू झाली, तर ती नुसती हजेरी. तेवढ्यासाठी आम्ही मिक्सर थांबवायचे काही कारण नाही.